खिडकीवरचा मनू

"गणित कशाला घेतेस? झेपायचं नाही तुला. बॉटनी घे, झूऑलॉजी घे. पास तरी होशील."

हे वाक्य माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर ऐकवलं गेलं. ऐकवणारा कुणी शंकराचार्य नव्हता. चष्मा कपाळावर चढवलेला एक कारकून होता. त्याच्या मागं एक सर चहा पीत उभे होते, त्यांनी मान डोलावली. बस्स. मनूला आता ग्रंथ लिहायची गरज राहिलेली नाही. एक खिडकी, एक बॉलपेन आणि फॉर्मवरची एक टिक एवढ्यावर भागतं त्याचं.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ते कॉलेजच तसलं. आणि तुमच्या गावची खिडकी सुटेल.

बहीण बारावीला गणित घेऊन पास झालेली. फिजिक्सला वर्गात दुसरी. वय सतरा. हातात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट. शेजारी आई उभी. आई सही करते, पण कुठं करायची ते विचारावं लागतं. बाप देवळाली प्रवऱ्यात दुसऱ्याच्या उसाला रात्रीचं दारं धरायला जातो. प्रवरेच्या कालव्याचं पाणी कुठल्या सरीत किती वेळ सोडायचं हे त्याला अंधारात पायाच्या बोटांनी कळतं, पण त्या पाण्यातला एक हंडा आमच्या मालकीचा नाही. मी मुंबईला गोदीत हमाली करतो आणि रात्री कविता लिहितो. मी मॅट्रिक. म्हंजे तिच्याआधी घरातला सगळ्यात शिकलेला मीच. तिनं खिडकीवरून मला फोन लावला.

"दादा, सर म्हणतात गणित सोड. सोडू का?"

मी काय बोललो असेन? पँथरच्या कविता पाठ असलेला, मोर्चात घसा फोडणारा मी. मी म्हणालो, "सर म्हणतात तर ऐक त्यांचं. त्यांना जास्त कळतं."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. प्रायश्चित्त म्हणत नाही, तो बामणी शब्द आहे. भरपाई म्हणतो. गोदीत माल फुटला की भरपाई कापतात, तशी.

दोस्तांनो, ही खिडकी काय करते ते नीट समजून घ्या. पुणे विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चार विषय असायचे. दुसऱ्या वर्षाला त्यातले काही गळायचे. तिसऱ्याला एकच उरायचा, तो तुमचा स्पेशल. म्हणजे पहिल्या दिवशी जो विषय घेतला नाही तो पुढं कधीच मिळत नाही. वरून खाली गाळत जाणारी चाळणी. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं धोरण आलं. आता मेजर म्हणतात, मायनर म्हणतात, चार वर्षांची ऑनर्स पदवी म्हणतात. पाटी बदलली, खिडकी तीच. मेजर फिजिक्स घेतलं आणि मायनर कुणीतरी 'सोपं' टेकवलं, की झालं काम.

कारण फिजिक्सची भाषा गणित आहे. तारेतून वीज कशी जाते, लाट कशी पसरते, अणूत इलेक्ट्रॉन कुठं सापडेल, हे सगळं डिफरन्शियल इक्वेशनमध्ये लिहिलेलं. व्हेक्टर, मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर. ते नसले की फिजिक्सचं पुस्तक म्हणजे आमच्या आज्याला पोथी. दुरून दिसते, हात लावता येत नाही, वाचणारा दुसराच.

बहिणीनं गणित सोडलं, फिजिक्स धरून ठेवलं. दोन वर्षं पास होत गेली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी राहुरी फॅक्टरीवर एका नेट कॅफेत तिनं जॅम परीक्षेची माहितीपुस्तिका उघडली. आयआयटीत, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एम.एस्सी.ला किंवा एम.एस्सी.-पीएच.डी.ला जायचं तर ही परीक्षा. कित्येक ठिकाणी पात्रतेची अट अशी, की पदवीला फिजिक्सबरोबर गणितही असलं पाहिजे. कुठं दोन सत्रं, कुठं चार. अभ्यासक्रमातला पहिलाच भाग: गणिती पद्धती.

ती रात्री फोनवर रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मला कुणी सांगितलं का नाही?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधा. सगळी वर्णव्यवस्था त्यात सापडेल.

त्यांच्या घरात पोरगं आठवीत असताना जेवणाच्या टेबलावर ठरतं. बाप म्हणतो, मुंबईचा काका बघेल. काका म्हणतो, पहिल्या वर्षी हे घे, दुसऱ्या उन्हाळ्यात त्या संस्थेत प्रोजेक्ट कर, मी बोलतो प्रोफेसरशी, तिसऱ्या वर्षी शिफारसपत्रं तीन लागतील, आतापासून कुणाच्या डोळ्यात भरायचं ते ठरव. ह्याला ते 'मार्गदर्शन' म्हणतात. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोराला मात्र ते 'सवलत' म्हणतात. त्यांच्या घरात प्लॅन वारसाहक्कानं येतो, आमच्या घरात सावकाराचं कर्ज येतं. मग बाविसाव्या वर्षी दोघं एकाच मुलाखतीला बसतात आणि पॅनेलवरचा माणूस चष्मा पुसत विचारतो, "तुमचं बेसिक कच्चं कसं काय?" अरे, सतराव्या वर्षी खिडकीवर कापलंत की बेसिक! कापलेल्या जागी आता काय शोधताय?

आता म्हणतील, ह्या लोकांचं डोकं फिजिक्सचं नाही. ऐका मग.

आमच्या गोदीत एकदा पोलादी पाइपांचा जुडगा उचलत होतो. चार टन. दोन पायांची स्लिंग. पाइप लांब, स्लिंग आखूड, म्हणून पाय फाकले. जुना मुकादम ओरडला, "पाय फाकवू नका रे, तुटंल!" कंत्राटदाराच्या माणसाला घाई होती. विंचवाल्यानं उचललं. डोक्याइतक्या उंचीवर एक पाय तुटला. आमच्या गँगमधल्या एकाच्या पायाची तीन बोटं गेली. नुकसान कुणाचं? त्याचंच. पगार कापला तोही त्याचाच.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा बहिणीला हे सांगितलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढला. म्हणाली, स्लिंगचे दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं वजन, दोन टन. मधला कोन नव्वद अंश झाला की प्रत्येकावर पावणेतीन टनांच्या वर. एकशेवीस झाला की प्रत्येक पायावर पुरते चार टन. "दादा, वजन वाढलं नव्हतं. कोन वाढला होता."

मी गप्प बसलो. मुकादमाला हे तीस वर्षं माहीत होतं, हातांना माहीत होतं. पण हातांना माहीत असलेलं कुणी पुरावा म्हणून घेत नाही. त्या वहीतल्या त्रिकोणासमोर कंत्राटदाराला तोंड उघडता आलं नसतं. तेव्हा कळलं, फिजिक्स म्हणजे बंगल्यातल्या पोरांची मौज नाही. आमच्या पायाच्या बोटांचा सवाल आहे. आमच्या बापजाद्यांनी हजारो वर्षं ओझी उचलली, विहिरी खोदल्या, कातडी कमावली, पाणी वळवलं. फिजिक्स आम्ही अंगावर झेललंय. फक्त त्याचं समीकरण आमच्या हातात पडू दिलं नाही.

आणि विषय घेऊ न देण्याचा धंदा आजचा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. घेऊ दिलं नाही. फारशी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारशी घेऊन. खिडकी तेव्हाही होती. पुढं १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं कुणी 'झेपायचं नाही' म्हणणारा नव्हता. मग त्या माणसानं काय केलं? अर्थशास्त्राचे २९ कोर्स. इतिहासाचे ११. समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. वर प्राथमिक फ्रेंच एक, जर्मन एक. बेरीज करा, साठ होतात. आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातातलं पुस्तक बघतो, कोटाचा रंग बघतो. ही यादी कधी बघितली का? ही यादी म्हणजे प्लॅन आहे. पुढं कशाशी लढायचंय ते ठाऊक असलेल्या माणसाने आखलेला.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. तेव्हा त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणासाठी मागणी काय होती? देशात सायन्स आणि टेक्नॉलॉजी शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना दरसाल दोन लाख रुपये. परदेशी विद्यापीठांत सायन्स आणि टेक्नॉलॉजी शिकायला दरसाल एक लाख. त्यांचं म्हणणं साफ होतं, नुसत्या आर्ट्स आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचं भागायचं नाही, वरच्या दर्जाचं विज्ञान पाहिजे. हे कोण म्हणतंय? जो स्वतः बॅरिस्टर होता तो! आणि आपण ऐंशी वर्षांनंतरही पोरांना काय सांगतो? आर्ट्सला जा, डी.एड. कर, पोलीस भरतीला पळ.

इथं मी आपल्याच लोकांवर बोट ठेवतो. राग आला तर येऊ द्या. आपण कवितेची पुस्तकं काढली, विद्रोही संमेलनं भरवली, जयंतीला डीजे लावला. एका जयंतीच्या डीजेच्या पैशात वस्तीतल्या दहा पोरांना वर्षभर गणिताचा शिकवणारा ठेवता येतो. हा हिशेब कुणी मांडला? मीही नाही मांडला. कवितेत मी सूर्य शंभर वेळा वापरला. सूर्य कशानं जळतो ते मला बहिणीनं सांगितलं.

सूर्यावरून आठवलं. सूर्य-ताऱ्यांच्या उजेडाचे पट्टे वाचून तिथं काय आणि किती तापलंय हे सांगणारं समीकरण १९२० साली मेघनाद साहांनी मांडलं. जगभर ते त्यांच्या नावानं ओळखतात. डाक्क्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचं पोर. कलकत्त्याच्या हॉस्टेलात वरच्या जातीच्या पोरांनी त्याला पंगतीत बसू दिलं नाही. ताऱ्यांचं तापमान मोजणारा माणूस ह्यांच्या ताटाला बाटवत होता! आणि लक्षात घ्या, साहांची एम.एस्सी. गणितातली, १९१५ ची. गणित हातात होतं म्हणून फिजिक्सचं दार त्यांनी स्वतः उघडलं.

आता मोठी दारं बघू.

आमच्या गोदीच्या ग्रीन गेटवरून बस धरली की कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरपर्यंत जाता येतं. तिथं समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. १९४५ साली सुरू झालेली, देशाच्या पैशावर चालणारी. देशाच्या पैशात माझ्या घामाचा पैसा आहे. २००६ साली संसदेनं केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या प्रवेशाच्या आरक्षणाचा कायदा केला. आम्ही पेढे वाटले. शेवटचं पान कुणी वाचलं नाही. शेवटी परिशिष्ट आहे. ज्यांना हा कायदा लागू नाही अशा संस्थांची यादी. त्यात टीआयएफआर. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आणि तिच्या घटक संस्था. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी. तिरुअनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी. बंगलोरचं जवाहरलाल नेहरू सेंटर. म्हणजे फिजिक्सचं घरच्या घर वगळलं! २०१९ ला प्राध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा आला, त्यालाही तसलंच परिशिष्ट.

कारण काय देतात? उत्कृष्टता. म्हणजे आम्ही शिरलो की उत्कृष्टता बाटते. विहिरीचं पाणी बाटायचं तसं. शब्द बदलला, हंडा तोच.

आणि शिरलात तरी? हैदराबाद विद्यापीठात तमिळनाडूतल्या सेलमकडचा सेंथिल कुमार फिजिक्समध्ये पीएच.डी.ला लागला. दलित घरातला. २००८ च्या फेब्रुवारीत त्यानं आयुष्य संपवलं. प्राध्यापक विनोद पवराला ह्यांच्या समितीनं चौकशी केली. काय सापडलं? कोर्सवर्कचे नियम संदिग्ध आणि विसंगत. मार्गदर्शक नेमण्याची धड पद्धत नाही. आणि त्याचा फटका बसलेल्यांत बहुतेक पोरं एससी-एसटीची. ध्यानात घ्या, कुणी शिवी दिली नाही, कुणी पाण्याचा माठ फोडला नाही. कोर्सवर्क. नुसता कोर्सवर्क. कुठला पेपर कधी द्यायचा, नापास झालं तर पुढं काय, गाइड कोण, हे कुणी धड सांगितलं नाही. सांगितलं नाही एवढ्यावर माणूस मरतो. त्याच विद्यापीठात २०१६ च्या १७ जानेवारीला रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहायचं होतं.

म्हणून मी म्हणतो, कोर्स निवडणं ही ऑफिसची बाब नाही. ते राजकारण आहे. मोर्चाइतकंच.

आता रडणं पुरे. बहिणीनं दोन वर्षं ठेचा खाऊन जमवलेला प्लॅन इथं मांडतो. त्यांच्या घरात हा फुकट मिळतो. आपणही फुकट वाटू. भिंतीवर चिकटवा, समाजमंदिरात वाचून दाखवा.

पहिलं वर्ष: खिडकीवर कुणी काहीही म्हणो, गणित सोडायचं नाही. नव्या पद्धतीत मेजर फिजिक्स असेल तर मायनर गणित मागा. कॉलेज देत नसेल तर तसं लेखी मागा. कॅल्क्युलस, व्हेक्टर, मेकॅनिक्स घोटून घ्या. एच. सी. वर्मांचं पुस्तक आधी पुरं सोडवा. बारावीचं म्हणून लाजू नका.

दुसरं वर्ष: वीज-चुंबकत्व, लाटा आणि प्रकाश, उष्णता. सोबत डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स. ग्रिफिथ्सचं वीज-चुंबकत्वाचं पुस्तक लायब्ररीत मागा, नसेल तर मागणी-वहीत लिहा, दर आठवड्याला लिहा. प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं उतरवू नका. रीडिंग चुकलं तर का चुकलं ते लिहा, तेच खरं फिजिक्स. कॉम्प्युटरवर पायथन शिका, त्याला पैसे पडत नाहीत. आणि उन्हाळ्याकडं लक्ष ठेवा. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या सुमारासच भरतात, उन्हाळ्यात जागं होऊन उपयोग नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या पोरांसाठी एनआययूएस नावाचा कार्यक्रम चालत आलाय. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी आपली हजारो माणसं राहतात. त्यातल्या किती पोरांना त्या दाराचं नाव माहीत आहे?

तिसरं वर्ष: क्वांटम, स्टॅटिस्टिकल, सॉलिड स्टेट, इलेक्ट्रॉनिक्स. जॅमचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. टीआयएफआरची परीक्षा डिसेंबरच्या सुमारास. जेस्ट नावाची आणखी एक आहे, ती एकाच वेळी अनेक संशोधन संस्थांसाठी चालते. परिशिष्टात नावं आहेत म्हणून ती दारं सोडायची नाहीत. उलट जास्त जोरात ठोठावायची.

परदेशी जायचं तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं बारावीनंतर चार वर्षांचं शिक्षण मागतात. म्हणून नव्या धोरणाचं चौथं वर्ष किंवा इथली एम.एस्सी. हिशेबात धरा. शिफारसपत्रं दोन-तीन लागतात. जो सर तुम्हाला नावानं ओळखत नाही तो पत्र काय देणार? तासाला पुढच्या बाकावर बसा, प्रश्न विचारा. चुकीचा विचारला तरी चालेल, लाजून मेलात तर चालणार नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. साठ टक्के मार्क लागतात. आणि तिच्याही भरवशावर झोपू नका. २०२५ साली १०६ जणांची निवड झाली आणि आधी पत्रं दिली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, पैसे असले तर बघू.

आता मागण्या. विनंती नाही.

१. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाआधी प्रत्येक कॉलेजात गणिताचा आणि फिजिक्सचा महिनाभराचा फुकट वर्ग, मराठीतून.
२. बारावीला गणित पास झालेल्या कुठल्याही पोराला-पोरीला गणित नाकारायचं तर लेखी कारण. खिडकीवरची तोंडी अक्कल बंद.
३. पीएच.डी.च्या कोर्सवर्कचे नियम पहिल्या दिवशी लेखी हातात. गाइड नेमण्याची मुदत ठरलेली.
४. शिष्यवृत्ती सत्र संपल्यावर नाही, सत्र सुरू असताना.
५. २००६ आणि २०१९ च्या कायद्यांची ती परिशिष्टं फाडून टाका.

बहिणीचं तिसरं वर्ष संपलं. फर्स्ट क्लास आला. एम.एस्सी.ला लगेच गेली नाही. एक वर्ष घरी बसून गणित करतेय, पहिल्यापासून. एका टिकेची किंमत एक वर्ष. सकाळी समाजमंदिरात दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते, दुपारी स्वतःचं. गणिताची अट असलेली दारं तिला बंदच आहेत, जिथं अट नाही तेवढ्याच ठिकाणी ती अर्ज करणार. मी महिन्याला दोन हजार धाडतो. बाप म्हणतो, "एवढं शिकून पोरगी करणार काय?" आई म्हणते, "तुम्ही दारं धरा. ती काय धरायचं ते धरंल."

गेल्या जूनमध्ये वस्तीतली पाच पोरं बी.एस्सी.ला निघाली. बहीण त्यांच्याबरोबर गेली. त्याच कॉलेजच्या ऑफिसच्या पायरीवर वही घेऊन बसली. प्रत्येकाचा फॉर्म आधी तिच्याकडं, मग खिडकीवर. खिडकीतून तोच आवाज आला, "गणित कशाला? झेपायचं नाही ह्याला."

ती उठली. खिडकीशी गेली. म्हणाली, "सर, लेखी द्या."

कारकुनानं चष्मा खाली घेतला, तिच्याकडं बघितलं, आणि फॉर्मवर शिक्का मारला. पाचही फॉर्मवर गणित आहे.

येत्या जूनला तुमच्या गावच्या पायरीवर कोण बसणार, ते आत्ताच ठरवा.

जय भीम.